मैत्रिणीच्या पायातला बॉल

ऑक्टोबरातली संध्याकाळ होती. अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी गावच्या एका मैदानाच्या कडेला घडीची खुर्ची टाकून मी लेकीची प्रॅक्टिस बघत बसले होते. एकास एक चाललं होतं: दोघीजणी, एक बॉल, दोन छोटे गोल. माझ्या मुलीसमोर नेमकी तिची जिवाभावाची मैत्रीण आली. मैत्रिणीचा बॉल जरा लांब सुटला, लेकीनं नुसता पाय घातला असता तरी निघाला असता. तिनं घातला नाही. मैत्रीण पुढं गेली, गोल झाला, दोघी हसल्या. कोच म्हणजे एक पंचविशीतली मुलगी, स्वतः कॉलेजकडून खेळलेली. ती ओरडली नाही, जवळ आली आणि एवढंच म्हणाली, "तू तिला सोडलंस, म्हणजे आज तिला काही शिकायला मिळालं नाही." लेक मान खाली घालून रांगेत गेली. मला मात्र आधीच बरं वाटून गेलं होतं. किती समजूतदार पोर, मैत्रिणीला हरवत नाही! घरी येताना गाडीत हे बरं वाटणंच टोचायला लागलं. मुलगा असता आणि त्यानं मित्राला असं जाऊ दिलं असतं, तर मी त्याला समजूतदार म्हटलं असतं का? आमच्या दादानं लहानपणी कुणाला असं सोडलं असतं, तर बाबांनी रात्रभर सुनावलं असतं.

मी कोल्हापूरची. त्यामुळं फुटबॉल मला कुणी अमेरिकेत आणून दाखवला नाही. आमच्याकडं पेठेची तालीम असते, तालमीचा संघ असतो, आणि राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीची मॅच असली की घराघरांतले पुरुष दुपारीच गायब होतात. दादा आमच्या तालमीकडून खेळायचा. मॅचच्या दिवशी आई त्याला भरपेट जेवू द्यायची नाही, आणि संध्याकाळी तो आला की आधी गुडघे बघायची, मग निकाल विचारायची. मी गच्चीवर उभी राहून स्टेडियमच्या बाजूनं येणारा कल्ला ऐकायचे. कल्ल्यावरून गोल कुणाचा झाला ते कळायचं. आपला असला की गल्लीतही लगेच शिट्ट्या सुरू व्हायच्या. मुली स्टेडियमवर जात नसत. कुणी बंदी घातली होती असं नाही, कुणी नेत नव्हतं एवढंच. दादा अंगणात एकटा भिंतीवर बॉल मारायचा तेव्हा परत आणून द्यायचं काम माझं. मी बॉल पायानं परत मारला की तो म्हणायचा, "हातानं दे गं, वाट्टेल तिकडं जातोय."

केरीहून चॅपेल हिल अर्ध्या तासावर आहे. तिथं युनिव्हर्सिटी आहे. इथल्या मुलींच्या सॉकरमध्ये, म्हणजे आपल्या फुटबॉलमध्ये, कुणी काहीही बोललं, तरी माग काढत गेलं की वाट बहुधा तिथंच पोचते. लेकीच्या कोचचं ते वाक्यही तिथलंच होतं, निदान त्याच्या मागचा विचार तरी. युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायनाच्या मुलींच्या संघाला ॲन्सन डॉरन्सनं 1979 पासून 2024 पर्यंत शिकवलं. एनसीएएची, म्हणजे कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेची, 21 विजेतेपदं, त्याआधीचं 1981 चं एक धरून 22. जिंकलेले सामने नऊशेच्या वर. मंडळाच्या गणपतीत पानावर बसलेले एक काका हे ऐकून म्हणाले, "अहो, तो तर आपलाच! मुंबईत जन्मलाय." ते खरं आहे. 1951 साली त्याचा जन्म मुंबईत झाला, वडील तेल कंपनीत होते, आणि मग केनिया, इथिओपिया, सिंगापूर, बेल्जियम असं करत पोरगं स्वित्झर्लंडच्या बोर्डिंग शाळेत पोचलं. मुंबईनं त्याला काय दिलं असेल? दिलंच असेल तर समुद्राची ओलसर हवा आणि एखादी आया. पण काकांना तेवढं पुरेसं होतं, आणि खरं सांगते, मलाही क्षणभर उगाच अभिमान वाटला.

बोर्डिंग शाळेत शिकलेला हा मुलगा सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चॅपेल हिलला आला आणि कॉलेजच्या संघात मिडफिल्डला खेळला. चांगला खेळला, कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपसात खेळणाऱ्या युनिव्हर्सिट्यांच्या गटाच्या, निवडक संघातही आला. पण त्याचे गोल किंवा पास आठवून सांगणारं मला इथं कुणी भेटलं नाही. आठवतात त्या सगळ्या त्याच्या हट्टाच्या गोष्टी. 1974 मध्ये इंग्रजी आणि तत्त्वज्ञान घेऊन पदवी झाली, मग वकिलीचा अभ्यास सुरू झाला. त्याचे जुने कोच मार्विन ॲलन निवृत्त होताना त्यांनी पुरुषांचा संघ या पोराच्या हाती देण्याची शिफारस केली. 1977 चा हंगाम त्याचा पहिला. दोन वर्षांनी युनिव्हर्सिटीच्या क्रीडा संचालकांनी त्याला मुलींच्या क्लबचा खेळ बघून यायला सांगितलं: यांना अधिकृत संघाचा दर्जा द्यावा का? त्यानं बघितलं, द्यावा म्हणाला, आणि तोही संघ त्याच्याच गळ्यात पडला. वकिली अर्धीच राहिली. 1988 पर्यंत तो दोन्ही संघ सांभाळत होता, आधी एका मैदानावर मुलं, मग दुसऱ्यावर मुली. 1972 च्या टायटल नाइन कायद्यानं कॉलेजांना मुलींच्या खेळासाठीही जागा आणि पैसा काढायला भाग पाडलं होतं. पण पैसा आला तरी शिकवायचं कसं, हे कायद्यात लिहिलेलं नसतं.

इथं मला नेहमी एक आकडा आठवतो आणि राग येतो. भारताच्या मुली महिला फुटबॉलच्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम फेरीत दोनदा पोचल्या होत्या, 1980 मध्ये कालिकतला आणि पुन्हा 1983 मध्ये. अमेरिकेच्या महिला संघानं पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तो 1985 मध्ये, इटलीत. म्हणजे मी शाळेत जात होते तेव्हा या खेळात आपण पुढं होतो, आणि गच्चीवरून कल्ला ऐकणाऱ्या मला ते कुणी सांगितलं नव्हतं. दादालाही माहीत नव्हतं. पुढं 2022 मध्ये आशियाई स्पर्धा मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाली, आणि संघात कोरोना शिरल्यामुळं आपल्याला इराणशी बरोबरीनंतर बाहेर पडावं लागलं. आम्ही इथं सकाळी तो पहिला सामना बघितला होता.

दोन्ही संघ एकाच वेळी शिकवत असल्यामुळं डॉरन्सला एक गोष्ट दिसली, जी एकच संघ शिकवणाऱ्याला दिसली नसती. मुलं प्रॅक्टिसमध्ये मित्राला पाडायची, हसायची, आणि संध्याकाळी एकत्र जेवायला जायची. मुली मैत्रिणीला पाडायच्या नाहीत, आणि कुणी पाडलंच तर ते संध्याकाळपर्यंत, कधी हंगामभर, मनात राहायचं. सामन्याचं रेकॉर्डिंग लावून चुका दाखवल्या की मुलांमधल्या प्रत्येकाला वाटायचं, हे दुसऱ्याबद्दल चाललंय. मुलींमधल्या प्रत्येकीला वाटायचं, हे माझ्याबद्दलच आहे. हे वाचलं तेव्हा मी चिडले. सगळ्या मुली अशा, सगळी मुलं तशी, हे असं सरसकट बोलणं मला आवडत नाही, आणि त्यानं ते आयुष्यभर केलं. पण चिडून झाल्यावर ऑफिसच्या मीटिंगा आठवल्या. बॉस सर्वांना उद्देशून काहीतरी कुरकुर करतो, शेजारचा माणूस शांतपणे कॉफी पितो, आणि मी रात्री दोनला जागी होऊन विचार करते की माझ्या कुठल्या ईमेलबद्दल होतं ते.

1983 मध्ये त्याच्याकडं एप्रिल हाइनरिक्स आली. ती प्रॅक्टिसमध्येही सामना असल्यासारखी खेळायची, समोर कोण आहे हे न बघता. बाकीच्या मुली कोचकडं तक्रार घेऊन गेल्या: हिचं काहीतरी करा. दुसरा कुणी असता तर त्यानं एप्रिलला बाजूला घेऊन जरा सांभाळून घ्यायला सांगितलं असतं. माझ्या शाळेतल्या बाईंनी तर नक्कीच सांगितलं असतं. डॉरन्सनं उलट ठरवलं की एप्रिलला बदलायचं नाही, बाकीच्यांना एप्रिलकडं न्यायचं. बास्केटबॉलचे डीन स्मिथ त्याच युनिव्हर्सिटीत होते, मायकेल जॉर्डन ज्यांच्या हाताखाली खेळला ते. त्यांच्या प्रॅक्टिसला मदतनीस पोरं वह्या घेऊन उभी असायची आणि प्रत्येक शॉटची नोंद करायची. डॉरन्सनं ते उचललं आणि टोकाला नेलं. एकास एकमध्ये कोण जिंकलं, हवेतला बॉल कुणी मिळवला, कोण किती वेगानं पळालं, पाच-पाचच्या खेळात कुणाचा संघ जिंकला, सगळं लिहायचं. मग त्याची क्रमवारी लावायची आणि ती सगळ्यांना दिसेल अशी भिंतीवर लावायची. पहिलीपासून शेवटचीपर्यंत.

शेवटच्या नंबरच्या मुलीचं नावसुद्धा.

मला यातलं सगळं एका वेळी पटतही नाही आणि सोडवतही नाही. भिंतीवर लावलेले नंबर आपल्याला नवे नाहीत. आमच्या वर्गात निकालाच्या दिवशी बाई नंबर वाचायच्या तेव्हा घशाला पडलेली कोरड अजून आठवते. पण तिथं नंबर आला तो एकदाच यायचा, आणि मग वर्षभर ती मुलगी "अमक्या नंबरची" असायची. इथं दर प्रॅक्टिसला नवा हिशेब होता. मंगळवारी शेवटची असलेली गुरुवारी वर सरकू शकत होती, आणि कशामुळं सरकली हेही तिला दिसत होतं. भिंतीवर नाव लागल्यानं आणखी एक झालं. मैत्रिणीला हरवणं हा वैयक्तिक वैराचा मामला राहिला नाही. ते तर कामच आहे, सगळ्याच करतायत, त्यात रुसायचं काय! जिंकायची इच्छा असलेल्या मुलीला ती इच्छा लपवायची गरज उरली नाही. माझ्या पिढीतल्या कितीतरी हुशार मुली ती लपवण्यातच थकल्या. परीक्षेत पहिली येऊन "पेपर सोप्पा होता" म्हणणाऱ्या मुली तुम्हीही पाहिल्या असतील.

मिया हॅम ही त्याच तालमीतली सगळ्यात प्रसिद्ध पोर. ती चौदा वर्षांची असताना तो तिचा खेळ बघायला गेला, आणि तिच्यावर बोट ठेवून दाखवू नका असं त्यानं आधीच सांगितलं होतं. सामना सुरू झाला, एक किडकिडीत मुलगी बॉलमागं सुसाट सुटली, आणि त्याला कुणी सांगायची गरज पडली नाही. पंधराव्या वर्षी ती देशाकडून खेळली. पुढं ती चॅपेल हिलला शिकत असताना एका थंड सकाळी तो गाडीतून चालला होता, आणि रिकाम्या मैदानावर एकटीच मुलगी पळताना दिसली. पळायची, ओणवी व्हायची, पुन्हा पळायची. गाडी थांबवून त्यानं हाक मारली नाही. नंतर तिला चिठ्ठी पाठवली, की कुणी बघत नसताना दमून ओणवी झालेली, घामानं भिजलेली व्यक्ती म्हणजे विजेती. ती चिठ्ठी आता इथल्या निम्म्या मुलींच्या खोल्यांत पोस्टर होऊन लागलेली असते, आमच्याही घरी आहे. पोस्टरवर ती मला जरा गोड वाटते. मला त्या चिठ्ठीपेक्षा त्यानं गाडी न थांबवणं जास्त आवडतं.

1986 मध्ये देशाचा महिला संघही त्याच्याकडं आला. 1991 मध्ये महिलांची पहिली जागतिक स्पर्धा चीनमध्ये झाली. तिला "वर्ल्ड कप" म्हणायलाही फिफा तेव्हा कचरत होती, चॉकलेटच्या गोळ्यांच्या कंपनीचं नाव लावून लांबलचक काहीतरी म्हटलं होतं, आणि बायकांना नव्वद मिनिटं झेपणार नाहीत म्हणून सामने ऐंशी मिनिटांचे ठेवले होते. अमेरिकेच्या 18 खेळाडूंपैकी 9 चॅपेल हिलच्या होत्या, कप्तान एप्रिल हाइनरिक्स. 30 नोव्हेंबरला ग्वांगजोला अंतिम सामन्यात नॉर्वेविरुद्ध मिशेल एकर्सनं 78 व्या मिनिटाला दुसरा गोल केला आणि 2-1 नं जिंकल्या. स्टेडियम भरलेलं होतं. घरी परतल्यावर मात्र विमानतळावर जेमतेम मूठभर माणसं आली होती. हे वाचताना मला हसू आलं. कोल्हापुरात तालीम जिंकली की मिरवणुकीनं रात्रभर रस्ता अडतो.

आता त्या गोष्टीकडं यायला हवं, जी इथल्या पालकांच्या गप्पांत एक तर कुजबुजत निघते किंवा निघतच नाही. 1998 मध्ये दोन माजी खेळाडूंनी डॉरन्सवर आणि युनिव्हर्सिटीवर खटला भरला. मुलींच्या खासगी, लैंगिक आयुष्याबद्दल कोच चौकशा करतो, चारचौघांत शेरे मारतो, असा आरोप होता. त्यानं छळाचा आरोप शेवटपर्यंत नाकारला. 2004 मध्ये एकीशी तडजोड झाली, तेव्हा मात्र त्यानं लेखी माफी मागितली आणि खेळाडूंशी अशा प्रकारची थट्टामस्करी करणं अयोग्य होतं हे मान्य केलं. दुसरीचा खटला वरच्या कोर्टानं 2007 मध्ये पुन्हा उभा केला, आणि 2008 च्या जानेवारीत युनिव्हर्सिटीनं 385000 डॉलर देऊन तो मिटवला. दहा वर्षं. त्या दहा वर्षांत त्याची नोकरी चालू होती आणि संघ जिंकत होता. नंतर नव्या स्टेडियममधल्या मैदानाला त्याचंच नाव दिलं गेलं.

मुलींचं पळणं, उडी, पास, टॅकल सगळं मोजणाऱ्या माणसाचं स्वतःचं वागणं मोजायला कुणी वही घेऊन उभं नव्हतं. ज्या दोघींनी ती वही उघडली, त्यांना कोर्टात जावं लागलं, आणि नंतर बरीच वर्षं "कुरकुऱ्या" म्हणवून घ्यावं लागलं. त्याच्या संघाचं पहिलं ब्रीद नेमकं हेच होतं: आम्ही कुरकुर करत नाही. खेळासाठी ते चांगलंच आहे. पण तक्रार आणि कुरकुर यांतला फरक ठरवणार कोण, असा प्रश्न आला की मला ते ब्रीद फार सोयीचं वाटायला लागतं. माझ्या ओळखीच्या काही आया त्याचं नाव घेत नाहीत, काही बाप त्याला देव मानतात, आणि मी दोन्हीकडच्या गप्पांतून लवकर उठते.

त्या ब्रीदांचंही एक आहे. मुलींना ती नुसती माहीत असून चालत नव्हती. प्रत्येकाला जोडलेला एखाद्या लेखकाचा किंवा विचारवंताचा उतारा पाठ करावा लागायचा, आणि मग कोण ते प्रत्यक्षात पाळते याचे गुण मुलींनीच एकमेकींना द्यायचे. कोपऱ्यात उभं राहून मनाचे श्लोक म्हणणाऱ्या आम्हा मुलींना हे नवं वाटणार नाही. फक्त आम्हाला कुणी पाळण्याचे गुण दिले नाहीत, म्हणण्याचे दिले. इंग्रजी आणि तत्त्वज्ञान शिकलेल्या त्या वकील न झालेल्या माणसाचं हे रूप मला सगळ्यात विश्वासार्ह वाटतं. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलीला तो पत्र लिहायचा. ती किती गोल करते याबद्दल नसायचं ते, ती माणूस म्हणून संघात काय ठेवून चालली आहे याबद्दल असायचं. मोठ्या सामन्याआधी ती पत्रं तो बाकीच्या मुलींना वाचून दाखवायचा, की आज यांच्यासाठी खेळा. वर्षभर भिंतीवर नंबर लावणारा माणूस शेवटी बिनआकड्यांचं पत्र लिहितो! याचा मेळ मला लागत नाही, आणि त्याच्याजवळ शिकलेल्या बायकाही तो लावायच्या भानगडीत पडलेल्या दिसत नाहीत. त्यांतल्या बऱ्याच पुढं स्वतः मोठ्या झाल्या. एप्रिल हाइनरिक्स देशाची कोच झाली आणि 2004 चं ऑलिंपिक सुवर्ण घेऊन आली. सिंडी पार्लो कोन 2020 मध्ये अमेरिकेच्या सॉकर फेडरेशनची अध्यक्ष झाली.

2024 च्या ऑगस्टमध्ये, हंगाम अवघ्या काही दिवसांवर आलेला असताना, त्यानं सोडल्याचं जाहीर केलं. संघातल्या अनेक मुली आधीच बाहेर पडल्या होत्या. 2012 नंतर विजेतेपद आलं नव्हतं, आणि इथं सगळे म्हणत होते की आता हा संघ संपला. त्याचा सहकारी डेमन नहास हंगामी कोच झाला. डिसेंबरात त्याच मुली उपांत्य सामन्यात ड्यूक युनिव्हर्सिटीला 3-0 नं हरवून पुढं आल्या, आणि 9 तारखेला इथंच केरीत, वेकमेडच्या मैदानावर, वेक फॉरेस्ट युनिव्हर्सिटीला 1-0 नं हरवून विजेतेपद जिंकल्या. आम्ही गेलो होतो. सोमवारची रात्र, दुसऱ्या दिवशी शाळा, लेकीच्या पायात दोन-दोन मोजे. मागच्या बाकावरचे एक आजोबा पूर्ण वेळ एकच वाक्य वेगवेगळ्या सुरांत म्हणत होते: ॲन्सन असता तर हिला बदललं असतं. शिट्टी झाली तेव्हाही ते म्हणाले. पंचेचाळीस हंगाम एका माणसानं घडवलेला संघ तो गेल्याच्या पहिल्याच वर्षी जिंकतो, याचा अर्थ त्याच्यावाचून काही अडत नव्हतं असा घ्यायचा, की त्यानं काम पुरं केलं होतं असा? मला दुसरा अर्थ घ्यायला आवडतो. पण आजोबांचा चेहरा बघून पहिला अर्थही अगदीच खोटा नाही असं वाटलं.

हे सगळं मी दादाला फोनवर सांगत होते. तो आता गुडघ्यामुळं खेळत नाही, पण सकाळी एका शाळेच्या मैदानावर मुलींना शिकवतो. ज्यानं मला बॉल हातानं द्यायला लावला तोच! विजेतेपदांचे आकडे त्यानं "हं, हं" करत ऐकले. त्याचा पहिला प्रश्न होता, "स्वतः खेळायला कसा होता?"

"बरा होता. फार नाव झालं नाही."

"मग बरोबर हाय. लई भारी खेळणाऱ्याला शिकवता येत नाही. त्याला वाटतं, ह्यात काय शिकवायचं." मग जरा थांबून म्हणाला, "ते वहीत काय काय लिहायचे, ते नीट सांग. माझ्याकडं दोघी हायत, एकमेकीच्या अंगावर जातच नाहीत."

मी सांगत गेले, त्यानं लिहून घेतलं. एकास एक, हवेतला बॉल, पळणं, पासिंग. सगळं झाल्यावर मी म्हटलं, "पण दादा, ते भिंतीवर नको लावू हं. प्रत्येकीला वेगळं बोलावून तिचं तिला दाखव."

"मग लिहायचं कशाला?" दादा म्हणाला.

त्यावर आमचं चांगलंच भांडण लागलं, आणि शेवटी आईनं त्याच्या हातातून फोन काढून घेतला.